कोणता खेळ आवडतो, विचारलंस म्हणून

ओसाका,
५ फेब्रुवारी १९९७

चिझु,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मोजून द्यायला मी काही देवळातली पुजारीण नाही. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत. दुकान चालू आहे. परवा सेत्सुबुनला दारात दाणे उधळून भुतं हाकलली आणि दुसऱ्या सकाळी ते सगळे दाणे माझ्याच केरात आले. भुतं गेली की नाही ते कळायला मार्ग नाही. अवघड अक्षरं मला अजूनही येत नाहीत, तेव्हा सगळं सोप्या अक्षरांत लिहिलंय. वाचायला वेळ लागला तर लागू दे.

तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. तू टोकियोला गेल्यापासून कार्डावर छापलेलं चित्र आणि छापलेल्या शुभेच्छा येतात. या वर्षी खाली तुझ्या हातची एक ओळ आहे. ‘आजी, अजून दुकानात खेळतेस का? सगळ्यांत आवडता खेळ कोणता?’ मी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा पुसून वाचली. महिना झाला, कार्ड गल्ल्यामागे उभं केलंय आणि येता-जाता त्याच्याकडे बघते. गुडघ्यांचं नाही विचारलंस, गळक्या छपराचं नाही, एकदम खेळाचं! इतकी वर्षं गप्प बसलेलं माणूस असं काही विचारतं तेव्हा त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं असतं. काय ते मला अजून कळलेलं नाही. कळेल.

पण विचारलंस तर उत्तर देते. नाहीतरी सध्या तोच विषय चाललाय. आपल्या खाऊच्या दुकानात व्हिडिओ गेमची मशीनं ठेवतो तो हिरोसे आला होता. म्हणाला, “आजी, पाठीला पाठ लावलेल्या मशीनांची एक जोडी मार्चअखेर परत न्यायची. आता पोरं घरीच टीव्हीला डबा जोडून खेळतात. तुमच्याकडे एकच ठेवतो. जुनी नेतो, काय?”

“नेऊन काय करणार तिचं?”

“भंगारात. पाच वर्षांचा खेळ तो, आजी.”

“भंगारात तर मीही जायला पाहिजे. मला कोण नेतंय?”

मेला हसला आणि म्हणाला, विचार करून सांगा.

तर मी विचार केला. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात जाऊन तिथला नवा मारामारीचा खेळसुद्धा बघून आले, उगाच न बघता नावं ठेवायला नकोत. त्यातली माणसं आता गोल फिरतात, पाठ दाखवतात, गुळगुळीत बाहुल्यांसारखी चमकतात. एकीला लाथ मारली तर ती तीन उड्या मारून खाली पडली आणि केस विस्कटले नाहीत. जिचे केस विस्कटत नाहीत ती मारामारी कसली?

राहिल्या आपल्याकडच्या दोन. ‘अग्निचक्र’ पोरांना आवडतो. त्यात जीवाची पट्टी संपत आली की माणूस लाल होऊन पेटतो आणि एका फटक्यात समोरच्याला लोळवतो. पोरं मुद्दाम मार खात बसतात, पेटायचं म्हणून. मला ते पटत नाही. मरायला टेकलेल्या माणसाला असलं बळ येत नाही. तुझ्या आजोबांजवळ मी शेवटपर्यंत बसले होते. ते पेटले नाहीत. त्यांना फक्त संत्रं हवं होतं.

म्हणून माझा आवडता जुनाच. ‘बंदरावरचे दादा’. तुला माहीतच आहे, पण टोकियोत राहून विसरली असशील म्हणून कारण लिहिते. त्यात मार अडवायचा तर दांडी मागे ओढावी लागते, म्हणजे एक पाऊल मागे जावंच लागतं. पुढे सरकायचं आणि जपायचंही, असं जमत नाही. आणि जो नुसता अडवत बसतो त्याला माझा गडी, बोट वल्हवणारा तो बोटवाला म्हातारा, जवळ जाऊन धरतो आणि आपटतो. हात आखूड, पाय जड, पण धरलं की धरलं. आपण दोघींनी त्याला निवडलं होतं ते उगाच नाही.

आणि पकड. खरं कारण ते आहे. म्हाताऱ्याने धरलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत तशीच दांडी आणि तेच बटण दाबलं तर सुटता येतं. त्यासाठी विचार करायला वेळ नसतो, हातच करतो. नवख्याला कधीच जमत नाही, आणि मुरलेल्याला न करणं जमत नाही. मुरलेला माणूस पकडीत अडकला आणि सुटला नाही, तर तो खोटं खेळतोय. बाकी कुठल्या खेळात मला हे इतकं स्वच्छ दिसत नाही.

तू टोकियोला निघालीस त्या दिवशी शेवटचा डाव खेळलो, आठवतं? मी धरलं, तू सुटली नाहीस. मला कळलं नाही असं तुला वाटलं असेल. मी मशीनच्या या बाजूला होते आणि तू त्या बाजूला, म्हणून तुला माझं तोंड दिसलं नाही एवढंच.

आता हे सगळं आत्ताच का आठवलं ते सांगते. आठवडाभर एक माणूस दुकानात येतोय. चाळिशीचा, बूट लख्ख, आमच्या गल्लीत असे बूट कोणाचे नाहीत. नाव नेगोरो सांगतो. गल्लीकडच्या खुर्चीवर बसतो, पोरांशी जुना खेळ खेळतो आणि हरतो. हरला की पोरं खूश, मग हा त्यांना सरबत पाजतो आणि गप्पा मारतो. गल्लीत कोण कोण राहतं, किती वर्षं, कोणाचं कसं. मला वाटलं, जागा घेणाऱ्यांचा माणूस. गेल्या वर्षी पलीकडच्या चटईवाल्याला असंच गोड बोलून उठवलं.

पण एक गोष्ट खटकली. खेळायला बसताना तो मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवतो. हरण्यासाठी घड्याळ कोण काढतं?

काल पोरं शाळेत होती तेव्हा मी आतल्या बाजूच्या खुर्चीवर बसले. पलीकडे कोण आहे ते वाकून बघायचं नाही, ही आपल्या दुकानाची रीत त्यालाही ठाऊक, त्यामुळे त्याला कळलंच नाही की आजीच खेळतेय. पहिल्या फेरीत तो नेहमीसारखा रडतखडत खेळला. दुसऱ्या फेरीत मी अचानक धरलं. सुटला! हात चुकला नाही त्याचा. लगेच लक्षात आलं असावं, कारण पुढच्या वेळी धरलं तेव्हा मुकाट्याने आपटून घेतलं. पण एकदा दिसायचं ते दिसलं.

मुद्दाम हरणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. जमीन हवी असेल तर तो माझ्याशी गोड बोलला असता. हा माझ्याशी बोलतच नाही, माझ्याभोवती बोलतो.

थंडीत लोकरीचे मोजे घालत जा. टोकियोची थंडी कोरडी असते म्हणतात, ती जास्त वाईट.

डोळे उघडे ठेवून बसलेली,
आजी

*

ओसाका,
४ मार्च

चिझु,

काल बाहुल्यांचा सण झाला. तुझ्या बाहुल्या मांडल्या आणि आज सकाळीच आवरून पेटीत घातल्या. बाहुल्या आवरायला उशीर झाला की घरातल्या मुलीचं लग्न लांबतं म्हणतात. मी कधी नव्हे ती इतकी घाई का केली ते तुला पुढे कळेल. तुला आधीच कळलं असेल.

माझं पत्र पोचलं त्या आठवड्यातच तुझा फोन आला. चांगलं वाटलं. नाही, खोटं कशाला, चांगलं वाटायच्या आधी शंका आली. तू माझ्या गुडघ्यांचं विचारलंस, मग छपराचं विचारलंस, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलंस, “आजी, तो माणूस काय काय विचारतो गं?” मी म्हटलं, कोणता माणूस? तू म्हणालीस, “तो, घड्याळवाला.”  मग म्हणालीस, “आजी, काही दिवस दुकानात खेळायला बसू नकोस ना. गुडघ्यांना त्रास होतो.”

मी खेळते हातांनी. गुडघ्यांचा काय संबंध?

त्यानंतर लाकडी पेटीतली ती महागाची मिठाई आली. इतकी सुबक की खाल्ली तर पाप लागेल. सुगीला एक दिली. सुगी म्हणजे आपल्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण, तू तिथे पाण्यात डुबक्या मारायचीस म्हणून ओरडायची ती. तिने तोंडात टाकली आणि म्हणाली, “किनुए, तुझी नात कशाची माफी मागतेय?”

मी म्हटलं, तुला काय माहीत?

“मला काही माहीत नाही. पण तो बूटवाला न्हाणीघरात आला होता. मला विचारत होता, इथे तात्सुनो आडनावाच्या एक बाई होत्या का, फुलांची मांडणी शिकवायच्या त्या.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, आमच्याकडे सगळे नागडेच येतात, आडनावं बाहेर ठेवून. त्या खाऊच्या दुकानातल्या म्हातारीला विचारा.”

सुगीचं डोकं साबणाने झिजलेलं नाही. तिने मला वेळ दिला.

दुसऱ्या दिवशी तो आला. दुपार होती, दुकानात कोणी नव्हतं. मी साखरेच्या गोळ्या बरणीत भरत होते. दारावरच्या पाटीवर आजोबांचं नुसतं पहिलं नाव आहे, आपलं तात्सुनो आडनाव त्यावर नाही, मला सगळे आजी म्हणतात, त्यामुळे मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

“आजी, इथे जवळपास तात्सुनोबाई राहायच्या ना? इकेबाना शिकवायच्या?”

“काय शिकवायच्या?”

“फुलांची मांडणी.”

“अस्सं.” मी हात थांबू दिला नाही.

“त्यांनीच नातीला लहानाचं मोठं केलं म्हणे. मुलगी टोकियोला बँकेत आहे. फार चांगल्या घरात जमतंय तिचं. मुलाकडचे लोक जरा जुन्या वळणाचे, म्हणून लग्नाआधी रीतीप्रमाणे मुलीच्या घरची चौकशी. वाईट काही नाही त्यात.”

“वाईट काय असणार? लग्न कधी?”

“शरदात म्हणतात.”

चिझु, माझ्या नातीचं लग्न शरदात आहे हे मला एका परक्या माणसाने सांगितलं, गोळ्या भरताना.

“आणि त्या बाई?” मी विचारलं.

“वारल्या ना? दोन वर्षांपूर्वी. मुलीने तसंच सांगितलंय. खरं आहे ना, आजी?”

तेव्हा मला तुझं कार्ड कळलं. ‘अजून दुकानात खेळतेस का?’ म्हणजे अजून रस्त्यावरून दिसतेस का. आवडता खेळ कोणता, ते नुसतं वरचं कागदाचं वेष्टण होतं. मी मूर्खासारखी त्या वेष्टणाला एवढं लांब उत्तर लिहिलं.

त्याला काय सांगितलं ते विचारशील. म्हटलं, “हो, वारल्या.” ठरवून नाही म्हटलं. कोणी एकदम धरायला आला की हात जसा आपोआप पकड सोडवतो, तसं ते तोंडातून निघून गेलं. तुझ्यावर धावून येणारं कोणी असलं की माझं असंच होतं, त्यात तुझी काही करामत नाही.

मग म्हणतो, “कशाने वारल्या?”

आता तू त्यांना माझं हृदय सांगितलंस की पोट, ते मला कुठे माहीत! मी म्हटलं, “म्हातारपणाने. म्हाताऱ्या अजून कशाने वारतात?”

“स्वभावाने कशा होत्या?”

“तोंडाने वाईट. पण फुलं छान मांडायच्या.”

तो हसला. का हसला ते मला आवडलं नाही. जाताना म्हणाला, “थडगं कुठे आहे त्यांचं? हिगानला घरची माणसं थडग्यावर येतात. तेव्हा जाऊन एक उदबत्ती लावीन म्हणतो.” उदबत्तीच्या नावाखाली त्याला कोण येतं ते बघायचं असणार. मी सांगून टाकलं, गल्लीच्या टोकाच्या देवळात, नवऱ्याशेजारी.

तो गेला आणि बरणीचं झाकण लावता लावता मला आठवलं. नाव! आजोबा गेले तेव्हा पाथरवटाने त्यांच्याबरोबर माझंही नाव दगडात कोरून ठेवलं, पुन्हा मजुरी नको म्हणून, आणि सगळे करतात तसा माझ्या अक्षरांत लाल रंग भरला. माणूस जिवंत आहे तोवर लाल, मेल्यावर रंग काढायचा. लहानपणी तू विचारायचीस, आजी, तुझं नाव लाल का? मी सांगायचे, मी अजून गरम आहे म्हणून. तू दगडाला हात लावून बघायचीस.

मला मारलंस तेव्हा दगडाकडे बघायचं राहिलं तुझं. एवढी बँकेत काम करतेस!

मला फुलांची शिक्षिका का केलंस तेही कळव. मी आयुष्यात फुलं ठेवली ती फक्त त्या दगडापुढे, तीही घाईघाईने.

मिठाईची पेटी रिकामी झाली की बटणं ठेवायला होईल.

तुझी आजी,
सध्या तरी

*

ओसाका,
१७ मार्च

चिझु,

हे पत्र नीट वाच आणि आधी शेवट बघू नकोस. तुला तशी सवय आहे.

आज, हिगानच्या पहिल्याच सकाळी, मी बादली, घासणी आणि सुगीच्या नवऱ्याकडचं रंग काढायचं बाटलीतलं पाणी घेऊन देवळात गेले. देवळातले भटजी दारात भेटले. “किती भक्ती हो, आजी, सकाळी सकाळी घासायला आलात.” मी म्हटलं, हो. आजोबांपुढे संत्रं ठेवलं आणि त्यांना सांगितलं, तिकडे बघू नका, मी जरा माझं काम करते. मग खाली बसून स्वतःचं नाव घासायला लागले.

लाल रंग सहज निघत नाही. खोबणीत जाऊन बसलेला असतो. पहिलं अक्षर निघालं, दुसरं अर्धं निघालं, आणि मागून आवाज आला.

“आजी, तसं नाही निघायचं. बारीक तारेचा ब्रश लागतो.”

नेगोरो. हातात उदबत्त्यांचा पुडा. मी वळले नाही. अर्धी मेलेली बाई वळून काय बोलणार?

“कधी कळलं तुला?” मी विचारलं.

“मला पकडलंत तेव्हा. शाळेच्या वेळेला पलीकडे पोरगं कुठून येणार? आणि बोटवाल्या म्हाताऱ्याने इतकं सावकाश चालत जाऊन कोणी धरत नाही. आत गल्ल्यावर बघितलं तर तिथे कोणी नाही. मग पाटीवरचं नाव वाचलं, मागच्या पत्रपेटीवरचं आडनाव वाचलं.”

“म्हणजे तू मला माझ्याच मरणाबद्दल विचारत बसलास, माहीत असून?”

“तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं. तोंडाने वाईट म्हणालात तेव्हा खात्री पटली.”

असा हरामखोर. मी घासणी बादलीत टाकली. त्याने उदबत्ती पेटवून आजोबांपुढे लावली, चांगली व्यवस्थित, वारा अडवून. मला अजूनही त्याचा भरवसा वाटत नाही, पण उदबत्ती नीट लावली हे लिहायला हवं.

मी म्हटलं, “आता काय लिहिणार तू त्या लोकांना?”

“जे बघितलं ते. तोच माझा धंदा आहे.”

“मुलगी चांगली आहे. तिने एवढंच एक खोटं सांगितलंय.”

“हे मला सगळीच सांगतात, आजी.”

“आणि लिहिलंस तर?”

“मोडतं कधी कधी. कधी नाही मोडत. म्हातारी दुकान चालवते म्हणून मोडणार नाही. ती मेली म्हणून सांगितलं, त्याने मोडेल.” मग म्हणाला, “माझे डोळे कधी कधी कमजोर असतात. लाल-काळं ओळखू येत नाही. पण उगाच नाही होत तसं.”

मला तेव्हाच संशय आला की आता हा पैसे मागणार. त्याने मागितले नाहीत. म्हणून जास्त संशय आला. फुकट दया करणारा माणूस आयुष्यभर आपल्या डोक्यावर बसतो. माझ्या डोक्यावर नाही, तुझ्या. उद्या तुला पोरंबाळं होतील आणि हा कधीतरी लख्ख बूट घालून तुझ्या दारात उभा राहील, मी तुमच्यासाठी एकदा डोळे मिटले होते म्हणत. ते मला नको होतं.

म्हणून मी म्हटलं, “दुकानात चल. एक डाव. मी जिंकले तर तुला लाल दिसलं नाही आणि आपलं काही देणंघेणं राहिलं नाही. तू जिंकलास तर बघितलं ते लिही. आणि हरायचं सोंग केलंस तर मी त्या पाहुण्यांना स्वतः फोन करीन.”

त्याने उरलेल्या उदबत्त्या पुड्यात घातल्या. “खेळ कोणता?”

“मी निवडणार.”

“निवडा.”

गल्लीतून येताना मी विचार केला, चिझु. अग्निचक्र निवडला असता तर मला फायदा होता. म्हातारी मार खाऊन खाऊन पेटली असती आणि एका फटक्यात तो गार. त्यात जिंकणं हे नशिबावर ढकलता येतं. पण त्यात तो मुद्दाम हरला तर मला कळलं नसतं. मुद्दाम कोण हरतं ते ज्यात लपत नाही, तोच निवडायला हवा होता. जुनाच निवडला. हिरोसेलाही सांगितलंय, अग्निचक्र घेऊन जा, जुनी राहू दे. तुझ्या कार्डाला हेच माझं पक्कं उत्तर समज.

तो गल्लीकडे बसला, मी आत. घड्याळ काढून ठेवल्याचा आवाज ऐकला. सुगी दारात उभी, ओल्या टॉवेलसकट.

पहिली फेरी मी घेतली. तो खरा खेळत होता, मी बघून घेतलं. दोनदा धरलं, दोनदा सुटला. काय हात आहे मेल्याचा! दुसरी फेरी त्याने घेतली, मला कोपऱ्यात रेटून, एक पाऊल मागे जायला जागा ठेवली नाही. सुगी ओरडत होती, “अगं मार की त्याला, झोपलीस का?” जशी काही तीच खेळतेय.

तिसरी फेरी. दोघांच्या पट्ट्या संपत आलेल्या. आता जो धरेल त्याची. मला माहीत होतं तो काय करणार. तो पुढे आला, थांबला, मी अडवेन म्हणून वाट बघितली, आणि त्याने धरलं.

मी सुटले नाही.

आज सकाळी थंडी होती, आणि मी दगड घासून आले होते, आणि त्या पाण्याने बोटं सुन्न झालेली. अंगठा आखडला. असं होतं या वयात. सुगी म्हणाली, “किनुए, हे काय?” मी तिलाही अंगठाच दाखवला.

मशीनवर माझा म्हातारा पडलेला होता. नेगोरो लगेच उठला नाही. मग त्याने जे करायचं नसतं ते केलं. बाजूने वाकून आत बघितलं, माझ्या तोंडाकडे.  घड्याळ हातात घातलं, बूट पुसले, दारात जाऊन म्हणाला, “आजी, अहवाल शुक्रवारी जातो. शुक्रवारच्या आत तुमच्या नातीने स्वतः सांगितलं, तर माझ्या कागदात नवीन काहीच राहणार नाही.”

“आता हरल्यावर उपदेश पण ऐकायचा का?”

“तुम्ही हरलात?” म्हणाला, आणि गेला.

तर असं आहे. पत्र उद्या पोचेल किंवा परवा. शुक्रवार त्यानंतर आहे. तुझं लग्न मोडेल की नाही, मला माहीत नाही. त्या घरातली माणसं कशी आहेत, तेही तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही. पण काय करायचं ते तुझं तू ठरव. पुढे जायचं असेल तर अडवत बसू नकोस, आणि अडवायचं असेल तर मागे पाऊल टाक. दोन्ही एकदम होत नाही, हे तुला मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्यांना सांगशील तेव्हा हेही सांग की मला फुलं मांडता येत नाहीत. बोटवाला म्हातारा येतो.

दुपारी पुन्हा देवळात गेले होते. शाळेच्या सामानाच्या दुकानातून लाल रंगाची छोटी डबी घेतली. माझे हात आता थोडे थरथरतात, एका ठिकाणी रंग खोबणीबाहेर गेला, आजोबांच्या नावावरही एक थेंब पडला. पुसला. सगळा नाही निघाला. राहू दे, म्हटलं, त्यांनाही जरा ऊब.

हिगानचे ओहागी, भाताचे गोड गोळे, केले आहेत, तुझ्या वाटचे झाकून ठेवलेत. दोन दिवस टिकतात.

येऊन दगडाला हात लावून बघ.

अजून गरम असलेली,
तुझी आजी